पहिला कॉस्प्ले: एप्रिल ते डिसेंबर, खर्च, चुका आणि लोकांचं बोलणं

गेल्या डिसेंबरात गोरेगावच्या कॉनला (कॉमिक्स-सिनेमावेड्यांचा मेळावा) मी वंडर वुमन होऊन गेले. त्याआधी कधी कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या कॅरेक्टरचा वेष करून जाणं, केला नव्हता. तयारीच्या आठ महिन्यांत नेटवर खूप शोधलं, फोम कसा कापायचा याचे ढीगभर व्हिडिओ मिळाले, पण लोक बोलायला लागले की काय करायचं यावर मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून सगळं आठवेल तसं लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते. मी काळी आहे. सावळी वगैरे नाही, काळी. आणि मला एक्सएल लागतो. पुढचं निम्मं लिखाण यामुळेच घडलंय.

एप्रिल. मार्च एंडिंग संपलं (मी भोसरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे मार्चमध्ये घरी फक्त झोपायला येते) आणि मी ठरवलं की यंदा नुसतं तिकीट काढून बघायला नाही जायचं. डायना, म्हणजे वंडर वुमन, मला नववीत असल्यापासून आवडते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, आधी किती खर्च ते सांग." तेव्हा मी म्हटलं पाच हजार. शेवटी बारा झाले. आजी मात्र शेजारी बसून लसूण सोलत होती, ती म्हणाली, "सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं. आमच्या गावात बहुरूपी यायचा, पोलीस होऊन आला की खरे पोलीस पण उठून उभे राहायचे." आमच्याकडे 'काय सोंगं करतेस' म्हणजे ओरडाच असतो, पण आजीच्या तोंडी तो शब्द वेगळा होता, काम नीट करणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या ओळखीने महाराष्ट्रातल्या कॉस्प्लेअर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले. दीडेकशे लोक. तिथे ताई-दादा चालतं, वय बघून नाही, कितव्या कॉस्प्लेवर आहे ते बघून. एकोणीस वर्षांच्या पोरीला मी ताई म्हणायचे कारण तिचा तो सातवा होता.

मे महिन्यात सामान. पुण्याच्या बोहरी आळीत दोन शनिवार गेले. चिलखत ज्याचं करतात तो ईव्हीए फोम मागितला तर दोन दुकानांत कळलं नाही, तिसऱ्यात "योगा मॅटवाला का, कडक वाला?" असं विचारलं, तो कडक वाला. १० मिमीच्या दोन शीट १,३०० रुपये, ५ मिमीच्या तीन १,०५० रुपये, एसआर म्हणजे चपला चिकटवायचा तो रबरी गोंद एक लिटर ४२०, हीट गन १,१००. शीट घेताना बोटाने दाबून बघा, खड्डा पडून लगेच वर आला तर घ्या, तसाच राहिला तर सोडून द्या. गुंडाळी करून देऊ नका म्हणून सांगा, गुंडाळलेला फोम महिनाभर सरळ होत नाही.

मापासाठी दुसरं माणूस लागतंच. जुना टी-शर्ट घालून अंगाभोवती स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म गुंडाळायचं, त्यावर मास्किंग टेप, मग त्यावरच मार्करने चिलखताच्या रेषा काढायच्या आणि पाठीमागून कापून काढायचं. वहिनीने केलं हे सगळं. मे महिन्याची दुपार, मी घामाने निथळत हात वर करून उभी, आणि तो टेपचा साचा टेबलावर पसरला तेव्हा मला माझ्या अंगाचा आकार असा बाहेरून पहिल्यांदाच दिसला. मी गप्प झाले. वहिनी म्हणाली, "बघत काय बसलीस, मधली रेषा हलायच्या आधी नंबर घाल तुकड्यांना." नंबर घाला खरंच, डावं-उजवं पण लिहा, मी नाही लिहिलं आणि छातीवरच्या गरुडाचा एक पंख उलटा कापला.

जून-जुलै पाऊस. एसआर दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबायचं असतं, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं. पावसात ती दहा मिनिटं वीस झाली तरी पुरायची नाहीत. मला धीर नव्हता. ओला असतानाच दाबत गेले, त्यामुळे कमरेपाशी आणि काखेत सांधे उघडले. त्यावर सोनेरी स्प्रे थेट मारला, खाली काहीही न लावता. दिसायला छान. खाली वाकले आणि पोटावर सगळीकडे भेगा.

तरीही १४ जुलैला, रविवार होता, मी फोटो टाकला. इन्स्टावर पण आणि ग्रुपवर पण. तेच चुकलं असं आता नाही म्हणणार, पण दोन्हीकडे एकदम टाकायला नको होता, कारण त्या एका संध्याकाळी जे आलं ते सगळं माझ्या डोक्यात एकच होऊन गेलं.

इन्स्टावर आलेलं थोडं लिहिते, कारण ज्यांना असं येतं त्यांना कळावं की एकट्या त्यांनाच येत नाही. "वंडर वुमन उन्हात राहिली का." "मावशी, जीम लावा आधी." एकाने फक्त तव्याची इमोजी टाकली होती. एका मुलीने, मुलीने बरं का, लिहिलं होतं की कॅरेक्टरचा अपमान करू नका. मी ती वाक्यं किती वेळा वाचली ते नाही सांगता येत. रात्री तीनला उठून पुन्हा वाचली.

आणि ग्रुपवर ठाण्याच्या एका ताईंनी लिहिलं होतं: "कमरेचा सांधा उघडलाय. उजवा पंख डाव्यापेक्षा मोठा. रंगाखाली सील नाही. ब्रेस्टप्लेट पुन्हा कर." (ब्रेस्टप्लेट म्हणजे छातीचं चिलखत.) बस, एवढंच. छान नाही, प्रयत्न चांगला नाही, काही नाही. या ताई गेली बारा-तेरा वर्षं कॉस्प्ले करतायत, ग्रुपवर सगळे त्यांना मानतात.

मी ग्रुप सोडला. फोमच्या शीट पलंगाखाली सारल्या. तीन आठवडे हात लावला नाही. आईने एकदा विचारलं, मी म्हटलं ऑफिसचं काम आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या ताईंचा फोन आला. नंबर कुणी दिला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "ग्रुप का सोडलास?" मी काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "इन्स्टावर काही आलं का?" आणि मला रडू आलं, फोनवर, अनोळखी बाईसमोर, ऑफिसच्या जिन्यात. त्यांनी मला थांबवलं नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं त्याच दिवशी तसं चालू होतं. मी कोरडं लिहिते, ती माझी सवय वाईट आहे. पण तू जे वाचलंस त्यात दोन ढीग आहेत, ते वेगळे कर. कागद घे. जे तू कटर आणि गोंद घेऊन बदलू शकतेस ते एका बाजूला लिही, जे त्याने बदलत नाही ते दुसऱ्या बाजूला."

मी खरंच कागद घेतला. जुन्या व्हाउचरच्या मागच्या बाजूला. डावीकडे सांधा, पंख, सील, पट्टा दोन बोटं वर बसलाय. उजवीकडे रंग, पोट, दंड, मावशी. डावीकडच्या चारही गोष्टी ताईंच्या होत्या किंवा ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या. उजवीकडच्यांपैकी एकानेही आयुष्यात फोम कापला नसावा. आणि मला सगळ्यात जड हे गेलं की ताईंचं सगळं बरोबर होतं. तीन आठवडे मी त्यांना पण त्याच लोकांत धरलं होतं.

उजवीकडच्या कमेंट्स मी उडवल्या, उत्तर एकालाही दिलं नाही. तुम्हाला द्यावंसं वाटलं तर द्या, पण रात्री देऊ नका. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देऊन त्यांच्याकडून कमेंट उडवून घ्या, हे मी नंतर केलं, भावाने उडवल्या, मला वाचाव्या लागल्या नाहीत.

ब्रेस्टप्लेट पुन्हा केलं. पहिल्यात १,७०० रुपयांचं सामान वाया गेलं होतं. या वेळी कापलेल्या कडा सँडपेपरने घासल्या, रंगाआधी हीट गन हळूहळू फिरवली, फोमला थोडी चमक येते तेव्हा त्याची बारीक भोकं बंद होतात, हेच ते सील, मग लवचिक रबरी प्रायमरचे तीन हात, प्रत्येक हातानंतर एक रात्र. सोनेरीचं मात्र मला आमच्या भागातल्या गणपतीच्या कारखान्यात कळलं. दागिने रंगवणाऱ्या काकांजवळ मी दोन संध्याकाळी नुसती उभी राहिले, ऑगस्ट म्हणजे त्यांची मान वर करायची सोय नव्हती, तरी ते बोलले. सोनेरीखाली आधी पिवळा द्यायचा, म्हणजे सोनेरी कमी लागतो आणि उजळतो. आणि खाचेत तपकिरी पातळ करून सोडायचा आणि वरचा फडक्याने पुसायचा, त्याने नक्षी उठते. छातीवरचा गरुड मी तसाच केला. तो पुसताना, फडकं काढलं आणि प्रत्येक पिसाच्या कडेला बारीक काळसर रेघ राहिली, तेव्हा मी एकटीच खोलीत "अगं बाई" म्हणाले.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाकीचं. स्कर्टच्या निळ्या पट्ट्या रेक्झिनच्या, शिवून घेतल्या, सगळं मिळून १,३५०. आत जाड लेगिंग्ज. हे आईचं म्हणणं होतं तेवढंच माझंही होतं, मूळ ड्रेसमध्ये नाही म्हणून मी ते काढणार नव्हते. केसांचा टोप १,४००. आमच्या गल्लीत एक काका आहेत, नाटकांची रंगभूषा करायचे, त्यांनी टोप हातात घेऊन लगेच सांगितलं की चमकतोय, प्लास्टिक दिसेल. टाल्कम पावडर शिंपडून, हाताने चोळून, झटकायची. चमक गेली. हे शंभर रुपयांत होणारं काम आहे आणि फोटोत सगळ्यात जास्त फरक याने पडतो.

मेकअपबद्दल जरा लांबण लावते. ट्रायलला पार्लरमध्ये गेले तर त्या म्हणाल्या, "तीन शेड वर घेऊ, नाहीतर कॅरेक्टर ओळखू येणार नाही." मी हो म्हटलं. का म्हटलं, कारण त्या कागदाची उजवी बाजू मी फाडली होती तरी डोक्यातून गेली नव्हती. घरी येऊन आरशात बघितलं तर चेहरा एका बाईचा आणि हात दुसऱ्या बाईचे. आजी म्हणाली, "आजारी दिसतेस." मी धुवून टाकला.

मग ग्रुपवर (परत आले होते तोपर्यंत) विचारलं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं, आणि एकाने अगदी प्रेमाने लिहिलं, "तू नुबिया कर ना, तुला शोभेल." नुबिया म्हणजे डायनाची काळी बहीण, १९७३ मध्ये कॉमिकमध्ये आली. मला तेव्हा माहीत नव्हती, वाचलं, आवडली. पण दोन दिवस ते खुपत राहिलं. चांगल्या मनानेच सांगितलं होतं, भांडावं असं काही नव्हतं, तरी त्याचा अर्थ असाच होत होता ना की आपापल्या रंगाच्या रांगेत उभं राहा. मी त्या दादाला वेगळा मेसेज केला, नीट लिहिलं, की नुबिया मी कधीतरी करीन, मला ती आवडली म्हणून करीन, मला डायना शोभत नाही म्हणून नाही करणार. त्याने तासाभराने लिहिलं, "बरोबर आहे. मी असा विचार केला नव्हता." आजपर्यंत तो माझ्याशी नीट बोलतो. आपल्या लोकांना बोलून दाखवता येतं, एवढं मला त्यातून कळलं.

आजीला मी डायनाची जुनी गोष्ट सांगितली होती, राणी हिपॉलिटाला मूल हवं असतं, ती मातीची मुलगी घडवते आणि देव तिच्यात प्राण घालतात. आजी म्हणाली, "पार्वतीने मळाचा गणपती केला तसंच की." मग थोडं थांबून, "आणि माती काय गोरी असती का?" मी माझ्या शेडचंच फाउंडेशन घेतलं.

नोव्हेंबर. कॉनमधल्या कॉस्प्ले स्पर्धेचा फॉर्म ऑनलाइन होता. मूळ कॅरेक्टरचं चित्र, आपला पूर्ण ड्रेसमधला फोटो, बनवतानाचे फोटो, आणि कोणता भाग स्वतः केला, कोणता विकत घेतला हे लिहायचं. म्हणून पहिल्या दिवसापासून फोटो काढत राहा, फसलेल्या गोष्टींचे पण. माझे जुलैमधले भेगांचे फोटो शेवटी फॉर्ममध्ये कामाला आले. विकत घेतलेलं लपवू नका, टोप आणि बूट विकतचे असं मी सरळ लिहिलं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. ऑफिसमध्ये शनिवारची रजा टाकताना कारण 'घरगुती' लिहिलं, अजून तेवढं धाडस नाही माझ्यात.

कॉनचा शनिवार, सकाळची सिंहगड एक्सप्रेस. चिलखत दोन चादरींत गुंडाळून, ढाल पाठीला, तलवार फोमची पण कापडात बांधलेली. दादरला उतरून वेस्टर्नची स्लो लोकल पकडून राम मंदिर. ते स्टेशन २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, तिथून हॉल जवळ पडतो, एवढं सामान घेऊन गोरेगावला उतरून मागे येऊ नका. शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत राहा. मी पोचले तेव्हाच दमले होते.

गेटवर प्रॉप, म्हणजे ढाल-तलवारीसारख्या वस्तू, तपासायची वेगळी रांग, पाऊण तास. धातू नको, टोकदार नको, तलवार हातात घेऊन वाकवून बघतात आणि मग टॅग बांधतात. कपडे बदलायची जागा अपुरी असते, बायकांच्या टॉयलेटबाहेरची रांग त्याहून लांब. चिलखत घालायच्या आधी जाऊन या. पाणी प्या तरीही, न पिता उभं राहण्याची चूक मी केली आणि थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी आली, शेजारच्या एका अनोळखी मुलीने तिच्या बाटलीत स्ट्रॉ घालून पाजलं कारण माझी मान वाकत नव्हती.

आत पहिला अर्धा तास मी खांबाला पाठ लावून उभी होते. हशा ऐकू आला की माझ्यावरच असं वाटायचं. दोनदा खरंच माझ्यावर होता. मग सहा-सात वर्षांची एक मुलगी आली, वडिलांचा हात सोडून, आणि तिने फोटो नाही मागितला, तिने गरुडावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तू केलंस?" तू. मी म्हटलं हो. तिने पिसं मोजली. मग मी खांब सोडला.

दुपारी एका माणसाने फोटोसाठी शेजारी येऊन कमरेला हात घातला. मी थिजले. हे प्रामाणिकपणे सांगते, हातात तलवार असून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. समोरून डोक्यापासून पायापर्यंत रोबोटच्या वेषातलं कुणीतरी आलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं, आतून मुलीचा आवाज आला, "दादा, विचारून. हात खाली." तो गेला. न्यूयॉर्कच्या कॉनमध्ये २०१४ साली मोठे बोर्ड लावले होते, कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे असे. बोर्ड पाहिजेतच, पण तेव्हा तिथे माझ्या बाजूने एक माणूस उभं राहिलं. एकटीने फिरू नका. पहिल्या वेळी तर नाहीच, ग्रुपमधल्या कुणाला तरी दिवसभरासाठी सोबत ठरवून घ्या, ड्रेसमध्ये नसलेला मित्र असेल तर अजून चांगलं, तो पिशव्या पण धरतो.

स्टेजच्या चाळीस मिनिटं आधी डाव्या खांद्याचा पट्टा तुटला. ठाण्याच्या ताई भिंतीपाशी जमिनीवर बसल्या होत्या, स्वतः पूर्ण वेषात, शिंगं बाजूला काढून ठेवलेली, मांडीवर खोकं. त्यात सेफ्टी पिना, सुईदोरा, हॉट ग्लू, पॉवर बँक, बॅंडेज, क्रोसिन. त्यांच्यासमोर तीन जण रांगेत होते. आम्ही पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटत होतो. त्यांनी मला खाली बसवलं, पट्टा शिवला, दात लावून दोरा तोडला, आणि मग कमरेच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "बसलाय," म्हणाल्या. आणि पुढच्याला हाक मारली.

स्टेजवर मिनिटभर मिळतो. मला काही आठवत नाही. नंबर आला नाही. परीक्षकांनी नंतर थोडक्यात सांगितलं की पुढची बाजू चांगली, पण खांद्यांच्या मागच्या कडा कच्च्या आहेत, त्या पाठीमागून लगेच दिसतात. मी तिथेच फोनवर लिहून घेतलं. छातीत धडधडलं नाही, घरी गेल्यावर रडले नाही. जुलैमध्ये हेच वाक्य मला झोपू देत नव्हतं.

खर्चाचा हिशेब, कारण आईला दिला तसा तुम्हालाही देते: सामान, रंग (९००) आणि टोप, वाया गेलेलं धरून ९,२२०, आणि तिकीट, रेल्वे, खाणं आणि शनिवारची रात्र मिळून २,८००. हीट गन उसनी मिळाली तर घेऊ नका.

फोटो टाकले तेव्हा पुन्हा तसलं आलंच. कमी आलं असं नाही. पण या वेळी खाली ग्रुपमधल्या लोकांनी गरुडाबद्दल, पावडरबद्दल, पट्ट्यांबद्दल इतकं विचारलं की ते तसलं वर चढत गेलं आणि दिसेनासं झालं. भाऊ रोज सकाळी दोन मिनिटं बसून बाकीचं उडवतो.

जानेवारीत लातूरच्या एका मुलीने ग्रुपवर तिच्या हेल्मेटचा फोटो टाकला. सांधा उघडलेला, मधोमध. मी तसं टाइप पण केलं होतं, मग पुसलं आणि तिला विचारलं फोन केला तर चालेल का. फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, माझं तोंड मोठं आहे म्हणून असं दिसतंय का?" मी म्हटलं, "नाही गं. गोंद लावून किती वेळ थांबलीस?" ती म्हणाली, लगेच दाबला.

येत्या रविवारी ती मावशीकडे पिंपरीला येतेय, येताना हेल्मेट आणणार आहे. माझ्या खांद्यांच्या मागच्या कडा पण अजून तशाच आहेत. एसआरचा डबा माझ्याकडे अर्धा शिल्लक आहे, ब्लेडं तिला आणायला सांगितलीत.